चाळीस बिटांचं कुलूप

परवा रविवारी मामाकडे जेवायला गेलो. चप्पल काढतोय तोच मामा म्हणाला, "अरे, फोनवर 'वीक सिक्युरिटी' असं काहीतरी येतंय, बघ जरा." इंजिनिअर भाच्याला सुट्टी कुठली! राऊटर उघडला तर सेटिंगमध्ये चक्क 'वेप'. म्हटलं, ह्याच्यावर लिहायलाच हवं.

वायरलेस नेटवर्कचं ८०२.११ हे पहिलं स्टँडर्ड १९९७ साली आलं. लहरी काही भिंतीपाशी थांबत नाहीत, म्हणून सोबत वेप नावाचं कुलूप दिलं. पण ते जन्मतःच तोकडं! अमेरिकेच्या तेव्हाच्या निर्यात नियमांमुळे किल्ली फक्त ४० बिटांची ठेवली गेली. तिला दर पॅकेटमागे २४ बिटांचा एक आकडा जोडायचा. असे आकडे जवळजवळ १ कोटी ६८ लाख. भरपूर वाटतात ना? गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि मग तेच पुन्हा येतात.

२००१ मध्ये फ्लुरर, मांटिन आणि शमीर ह्या तिघांनी दाखवून दिलं, की पुरेशी पॅकेट्स नुसती ऐकूनही किल्ली काढता येते. पुढे किल्ली १०४ बिटांची झाली, पण २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी तीही मिनिटाच्या आत काढली.

"पण आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" इति मामा.

२६ जुलै २००८. अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल आला. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोचले थेट नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते वापरलं होतं भलत्याच कुणीतरी. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्यामागे. म्हणजे चोरीला गेला तो त्याचा पत्ता! आता मोडकं कुलूप आणि उघडं दार, ह्यात फरक तो मिनिटभराचाच.

वेपची जागा घ्यायला २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं. जुन्या यंत्रांवरही चालावं म्हणून केलेली ती तात्पुरती डागडुजी होती. खरं नवं कुलूप म्हणजे २००४ चं डब्ल्यूपीए-२. त्यातही २०१७ मध्ये फट सापडली, पण ती अपडेटने बुजवता आली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं.

मामाच्या राऊटरला तीन झेपत नाही, म्हणून दोन आणि एईएस निवडलं, पासवर्डही बदलला. मामीने तो लगेच दुधाच्या हिशोबाच्या वहीत टिपून ठेवला.

असो. तुमच्या घरी काय सेटिंग आहे, आज जरा बघाच.