फोर्टमधल्या बँका आणि तलासरीचा सावकार

परवा शनिवारी लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला आणि डहाणू लोकल पकडली. चिकूच्या वाड्या, बोर्डीचा किनारा, तिथून तलासरी असा साधा बेत. वाटेत पैसे काढायला एटीएम शोधत होतो. स्टेट बँक दिसली, महाराष्ट्र बँक दिसली, जिल्हा सहकारी बँक दिसली. माझं क्रेडिट कार्ड ज्या परदेशी बँकेचं आहे, तिची पाटी मात्र कुठेच नाही.

यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तसंच वाटलं. पण 'का नाही?' हा किडा डोक्यात शिरला आणि अख्खा रविवार त्यात गेला.

आपल्या पिढीला एक गोष्ट तयार सांगितलेली असते. १९९१ च्या आधी लायसन्स राज होतं, परदेशी बँकांचे हात बांधलेले होते, त्यामुळे त्या बिचाऱ्या कुठे जाऊच शकत नव्हत्या. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी डहाणू-तलासरीत उभं राहिल्यावर दिसते.

आधी ऐकलेला अर्धा भाग बघू. मर्कंटाइल बँक १८५३ साली चक्क मुंबईतच सुरू झाली. १९५९ मध्ये ती हाँगकाँग बँकेने, म्हणजे आजच्या एचएसबीसीने, विकत घेतली. चार्टर्ड बँक १८५८ मध्ये आली. या बँकांना तेव्हा 'एक्सचेंज बँका' म्हणत. कापूस परदेशी जाणार, त्याच्या हुंड्या वटवायच्या, पौंडाचे रुपये आणि रुपयांचे पौंड करायचे, हा त्यांचा धंदा. तो बंदरात चालतो, म्हणून दुकानं फोर्टमध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा बँकिंग नियमन कायदा आला. बँक चालवायला परवाना हवा. प्रत्येक नव्या शाखेला रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी. परदेशी बँकेने रिझर्व्ह बँकेकडे १५ लाख रुपये ठेवायचे, मुंबई किंवा कलकत्त्यात कचेरी असेल तर २० लाख. शिवाय इथल्या ठेवींच्या आणि देण्यांच्या किमान ७५ टक्के इतकी मालमत्ता भारतातच ठेवायची. म्हणजे इथले पैसे गोळा करून लंडनला न्यायची सोय नाही. फायरवॉल म्हणा ना!

आता फोर्टपासून साधारण सव्वाशे किलोमीटर उत्तरेला या. त्याच काळात इथे एक वेगळीच बंद अर्थव्यवस्था चालू होती. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की वारली कुटुंब सावकाराकडून खावटी घ्यायचं. सावकार बहुतेक वेळा जमीनदारच. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघं ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. हिशोबाची वही सावकाराची, वाचता येणारा फक्त सावकार. आमच्या भाषेत याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात, पण इथे लॉक झालेलं असायचं ते माणूस.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मारले गेले. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं नसेल तर जरूर वाचा.

वेठ मोडली, पण कर्जाची गरज काही मोडली नाही. ती कोण भागवणार? १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. त्या समितीत गोरवाला होते आणि आपले धनंजयराव गाडगीळही होते. निष्कर्ष असा, की शेतकऱ्याच्या कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून आणि व्यापारी बँकांकडून फक्त ०.९ टक्के. यात देशी-परदेशी सगळ्या व्यापारी बँका आल्या. गावात कुणीच जात नव्हतं!

१९ जुलै १९६९ ला ५० कोटींपेक्षा जास्त ठेवी असलेल्या १४ भारतीय बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी बँकांना हात लागला नाही. आपल्याही बँकांच्या परदेशात शाखा होत्या, उद्या तिकडच्या सरकारांनी त्यांच्याबाबत असंच केलं तर, हा त्यामागचा एक युक्तिवाद. रुस्तम कूपर सुप्रीम कोर्टात गेले. १० फेब्रुवारी १९७० ला कोर्टाने कायदा रद्द केला, त्याचं एक कारण हाच भेदभाव: १४ बँकांना धंदा बंद, इतर भारतीय आणि परदेशी बँकांना चालू. सरकारने लगेच नवा कायदा आणला, परदेशी बँका तरीही बाहेरच राहिल्या.

मग खरी वाटणी झाली. गाडगीळांच्याच अभ्यासगटाच्या शिफारशीतून लीड बँक योजना आली. प्रत्येक जिल्ह्याला एक पालक बँक. ठाणे जिल्ह्याला बँक ऑफ महाराष्ट्र मिळाली, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तरी त्याची लीड बँक तीच. १९७७ मध्ये नियम आला की बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी असेल तर आधी बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. प्राधान्य क्षेत्राला आधी एकतृतीयांश आणि मग ४० टक्के कर्ज द्या असंही सांगितलं गेलं.

परदेशी बँकांच्या वाट्याला यातलं काय आलं? ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत जवळपास काहीच नाही. १९७३ च्या फेरा कायद्याने परदेशी कंपन्यांना ४० टक्क्यांची मर्यादा घातली. आयबीएम आणि कोका-कोला गाशा गुंडाळून गेल्या. पण त्याच कलमांत कंसात तीन-चार शब्द आहेत, ज्यांचा अर्थ 'बँकिंग कंपनी सोडून'. त्या कंसाच्या आडोशाला फोर्टमधल्या बँका निवांत राहिल्या.

मला सापडलं ते एवढंच. 'तुम्हाला शाखा उघडायला परवानगी नाही' आणि 'तुम्हाला गावात जायची सक्ती नाही' ही दोन वेगळी वाक्यं नव्हती. एकाच ओळीच्या त्या दोन बाजू होत्या. आपण पहिली बाजू वाचून परदेशी बँकांची कीव करतो, आणि दुसरी तलासरीने भोगली.

सरकारी बँकांनी स्वर्ग आणला असंही नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. जमीन वाचवायला हा नियम हवाच, पण बँकेच्या मॅनेजरला तारण म्हणून ती जमीन अवघड वाटते. ज्यांची शेतीच वनजमिनीवर, त्यांच्याकडे तर २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत दाखवायला कागदही नव्हता. तरी शाखा होती, दारात जाऊन भांडता येत होतं. हे काही कमी नाही.

पुढे १९९१ आलं. गंमत बघा, २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, उद्योगांवर बंधनं आली. दुसऱ्याच दिवशी नरसिंह रावांनी शपथ घेतली आणि देशाची दारं उघडायला लागली. १९९३ मध्ये परदेशी बँकांचं प्राधान्य क्षेत्राचं उद्दिष्ट ३२ टक्के झालं, पण त्यात निर्यातीची कर्जंही धरली गेली. शेतीचं वेगळं उद्दिष्ट नाही. म्हणजे एक्सचेंज बँकांचा जुनाच धंदा आता कर्तव्यात मोजला जाऊ लागला!

२० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या परदेशी बँकांना ४० टक्क्यांचा नियम लागू करायचं ठरलं ते थेट २०१२ मध्ये. आणि २०१६ पासून उद्दिष्ट कमी पडलं तर ज्या बँकेने जास्त कर्ज दिलंय तिच्याकडून प्रमाणपत्र विकत घेता येतं. कर्ज आणि त्याची जोखीम जिथल्या तिथे राहते, फक्त श्रेय हलतं. आपण कंपनीत काम आउटसोर्स करतो, तसं कर्तव्य आउटसोर्स. यात वाईटच आहे असं नाही, गावातल्या बँकेला त्यातून चार पैसे मिळतात. पण गावात जावं लागत नाही, ही सोय मात्र १९६९ पासून टिकून आहे.

संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये चिकूच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका समोर बसल्या होत्या. एक दुसरीला बचत गटाचा हप्ता सांगत होती, बोटांवर मोजून. हिशोब तिचा तिलाच येत होता. माझं कार्ड खिशातच राहिलं. चिकू रोखीनेच घेतले.