राणी हिराई : चांद्याचे जुने वैर आणि एका राणीचे राज्य

१.
चंद्रपूरच्या अंचलेश्वर मंदिरालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत भव्य समाधी आहे ती राजा बीरशाहाची. ती उभारली त्याच्या पत्नीने, राणी हिराईने. बादशहाने बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल सर्वांना ठाऊक असतो. राणीने राजासाठी बांधलेली ही वास्तू मात्र विदर्भाबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. या समाधीमागे दोन गोंड राज्यांच्या वैराची कथा आहे.

२.
प्रथम राज्याची ओळख. आजचे चंद्रपूर म्हणजे जुने चांदा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला; त्याआधी तो चांद्याचाच भाग होता. येथील गोंड राजांची राजधानी आधी बल्लारपूरला होती. पुढे खांडक्या बल्लाळशाहाने ती झरपट आणि इरई या नद्यांच्या सान्निध्यात चांद्याला आणली. शहराभोवतीचा सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आजही उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे.

३.
हे राज्य किरकोळ नव्हते. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबजी या गोंड राजाची नोंद केली आहे : १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड आणि तेथील हिऱ्यांची खाण याच राज्याच्या ताब्यात होती. घनदाट अरण्य, हत्ती आणि हिरे यांमुळे शेजाऱ्यांची नजर चांद्यावर कायम असे.

४.
त्या शेजाऱ्यांपैकी सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी म्हणजे उत्तरेकडील देवगड. हेही गोंडांचेच राज्य. देवगडचा किल्ला आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चालून आला, तेव्हा चांदा आणि देवगड या दोन्ही राज्यांना जबर खंडणी कबूल करावी लागली. समान शत्रू समोर असूनही ही राज्ये एक झाली नाहीत. उलट दिल्लीचा आश्रय घेऊन गादी मिळवण्याची चढाओढ दोन्ही घराण्यांत सुरू झाली.

५.
देवगडचा बख्त बुलंद हे त्याचे ठळक उदाहरण. १६८६ मध्ये त्याने बादशहाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला आणि गादी मिळवली. पुढे तो बादशहावरच उलटला. संतापलेल्या औरंगजेबाने त्याचे ‘बख्त बुलंद’ म्हणजे ‘भाग्यवान’ हे नाव बदलून ‘निगूं बख्त’ म्हणजे ‘दुर्दैवी’ असे करण्याचा हुकूम काढला. नागपूर शहर वसवणारा तो हाच. आपले राज्य वाढवताना त्याने चांद्याचाही काही प्रदेश गिळंकृत केला.

६.
चांद्याच्या गादीवर १६९६ मध्ये बीरशाह आला. त्याची लोककथा चंद्रपुरात आजही सांगितली जाते. त्याची एकुलती एक कन्या देवगडच्या राजघराण्यातील दुर्गपालाला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला. बीरशाहाने चढाई केली, दुर्गपालाला ठार मारले आणि नवसाप्रमाणे त्याचे शिर महाकालीला अर्पण केले. महाकाली मंदिरावर देवगडकडे तोंड करून बसवलेले दगडी शिर त्याचीच खूण, असे परंपरा सांगते. १८६९ च्या जमाबंदी अहवालासाठी मेजर लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांद्याच्या अशा परंपरा टिपून ठेवल्या.

७.
या कथेत अपमान मुलीचा झाला. पण तिचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे कथा सांगत नाही. वैर, नवस आणि शिर हे सारे पुरुषांच्या वाट्याचे. स्त्री ही युद्धाचे केवळ निमित्त. हिराईचे महत्त्व कळते ते याच ठिकाणी. ती युद्धाचे निमित्त झाली नाही. युद्धानंतर उरलेले राज्य तिने चालवले.

८.
१७०४ च्या सुमारास बीरशाहाची हत्या झाली. परंपरेनुसार ती त्याच्या दुसऱ्या विवाहाच्या वेळी, हिरामण नावाच्या रजपूत अंगरक्षकाच्या हातून घडली. गादीला पुत्र नव्हता. उत्तरेला बख्त बुलंद होता आणि दख्खनेत औरंगजेबाच्या फौजा होत्या. वारस नसलेले राज्य गिळायला शेजाऱ्याला याहून चांगली वेळ कोणती?

९.
हिराईने घराण्यातील रामशाह या बालकाला दत्तक घेतले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. निर्णय साधा वाटतो, पण त्या काळी राज्याचे आयुष्य त्यावरच ठरत असे. वारस ठरला की वतनदार आणि जमीनदार यांची निष्ठा कोणाशी, हे ठरते. दरबारात दोन तट पडले, तर त्यांतला एक बाहेरच्या सत्तेला आमंत्रण देतो. चांदा आणि देवगड या दोन्ही घराण्यांनी हे आधीच अनुभवले होते.

१०.
नेमक्या त्याच काळात, १७०० पासून, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला पंचविशीतील महाराणी ताराबाई बालपुत्राच्या नावाने औरंगजेबाशी झुंजत होत्या. ताराबाईंच्या मोहिमांच्या नोंदी विपुल आहेत. हिराईच्या नावावर अशी गाजलेली लढाई नाही. म्हणून ती कमी धाडसी ठरते का? सीमा तलवारीने राखली जाते, तशी ती गादी स्थिर ठेवूनही राखली जाते.

११.
हिराईची भाषा होती दगडाची. पतीची समाधी, अंचलेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार आणि महाकालीचे मंदिर ही कामे तिच्या नावाशी जोडलेली आहेत. हत्या झालेल्या राजाची एवढी भव्य समाधी उभारणे हे केवळ शोकाचे काम नव्हे. राजा गेला, तरी त्याचे घराणे आणि खजिना शाबूत आहेत, हे प्रजेला आणि शेजाऱ्याला दिसेल असे ते विधान होते.

१२.
पुढे काय झाले? रामशाह मोठा होऊन राज्य करू लागला. देवगडच्या वारसांनी आपसांतील भांडणात नागपूरकर रघुजी भोसल्यांना बोलावले आणि अखेर राज्यच गमावले. चांदाही टिकला नाही. रामशाहाचा मुलगा नीळकंठशाह याच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, तोही भोसल्यांकडे गेला. पण तोवर हिराईने सावरलेली गादी जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती कधीच पडली नव्हती.

१३.
आज चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाडा आणि तेलंगणातून हजारो भाविक महाकालीच्या दर्शनाला येतात. अनेकांना दुर्गपालाच्या शिराची कथा ठाऊक असते. कथेत शिर लक्षात राहते आणि मंदिर बांधणारी विसरली जाते. चंद्रपूरला गेलात, तर महाकालीनंतर अंचलेश्वराजवळच्या समाधीपाशीही थोडे थांबा. हिराईच्या राज्याचा सर्वांत भक्कम पुरावा तेथे उभा आहे.