वेडालियाची कामगिरी

कुंडींतल्या गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडतो, आणि तेथेंच अर्धा वाटाणा पालथा ठेवावा तसा एक तांबडा, काळ्या ठिपक्यांचा किडा फिरतांना दिसतो. आपण दोघांनाही एकाच बोटानें चिरडतों. वास्तविक त्यांतला एक चोर असतो आणि दुसरा पहारेकरी. या पहारेकऱ्यास ढालकिडा म्हणतात. त्याच्या कुळांतील एका जातीनें एका प्रांताच्या फळबागा कशा वाचविल्या, तें आज सांगावयाचें आहे.

कॅलिफोर्नियांत १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाकडील बाभळीच्या जातीच्या रोपांबरोबर एक खवले-कीड आली. हिच्या मादीच्या मागें कापसाच्या पेळूसारखी पांढरी पिशवी असते आणि तींत शेंकडों अंडीं असतात. वीस वर्षांच्या आंत लॉस एंजल्सच्या आसपासच्या संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या पडल्या. फवारे झाले, झाडांवर तंबू घालून विषारी वायु कोंडून झाला, कीड हटेना. कित्येकांनीं उभीं झाडें तोडून जाळलीं.

वॉशिंग्टनच्या कृषिखात्यांतील कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचा तर्क असा कीं, ही कीड ऑस्ट्रेलियांतही आहे, पण तेथें ती बागा बुडवीत नाहीं. तेव्हां तिला खाणारें कोणीतरी तेथें असलेंच पाहिजे. तर्क सरळ, पण वाट अडलेली. कारण खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांच्या परदेशप्रवासास कायदेमंडळानें बंदी घातली होती. अखेर १८८८ सालीं मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीं मंजूर झालेल्या रकमेंतून दोन हजार डॉलर मिळाले आणि प्रदर्शनाच्या निमित्तानें अल्बर्ट कोबेले यांस धाडण्यांत आलें. नियमांतून काढलेली पळवाट इतकी सत्कारणीं लागल्याचें उदाहरण विरळाच.

कोबेले निघाले ते मुख्यतः त्या किडीवर जगणाऱ्या एका चिमुकल्या माशीच्या शोधांत. पण ॲडलेड येथें एका बागेंत त्यांस त्याच किडीचा फडशा पाडीत असलेला तांबडा-काळा ढालकिडा दिसला. त्या वेळीं त्याचें नांव वेडालिया. पुढें शास्त्रज्ञ त्यास रोडोलिया म्हणूं लागले. नोव्हेंबरअखेर पहिले २८ किडे बोटीनें लॉस एंजल्सला पोंचले, आणि १८८९ च्या जानेवारीपर्यंत एकंदर १२९. तेथें एका बागेंत कीड भरलेल्या संत्र्याच्या झाडावर तंबू उभारून त्यांस आंत सोडलें. एप्रिलांत झाड जवळजवळ स्वच्छ झालेलें पाहून तंबूची एक बाजू उघडली. जूनपर्यंत १०,५५५ किडे दोनशेंवर बागाईतदारांस वांटले गेले! थोड्याच काळांत कीड काबूंत आली. बागाईतदारांनीं कोबेले यांस सोन्याचें घड्याळ व त्यांच्या पत्नीस हिऱ्यांचे डूल दिले.

येथेंच थांबलें तर गोष्ट अर्धीच राहील. १९४५ नंतर त्याच कॅलिफोर्नियांतील बागांवर डीडीटी फवारण्यांत आलें. त्यानें ढालकिडे मेले, आणि विसरलेली जुनी कीड पुन्हां झाडांवर पांढरी दिसूं लागली. मग तेच ढालकिडे पैसे मोजून आणण्याची पाळी आली.

आपल्याकडे ही कीड १९२८ मध्यें नीलगिरीवर वॉटलच्या झाडांवर सांपडली, आणि तिच्यावरही रोडोलियाच बोलवावा लागला.

घरच्या बागेंतला ढालकिडा मात्र बहुधा मावा खाणाऱ्या दुसऱ्या जातींचा. रोडोलिया त्या एका किडीवांचून जगत नाहीं. हा त्या मानानें सोशिक. मावा कमी झाला कीं पराग व मध यांवर कांहीं दिवस तग धरतो. म्हणून परसांत चार शेपू, कोथिंबीर, बडीशेप फुलावर जाऊं द्याव्यात. शेपू फुलला म्हणजे भाजी फुकट गेली, असें गृहिणीस वाटतें, तेवढें सोसावें. कडेला चवळीची एखादी ओळ असावी. तिच्यावर मावा पडतो, आणि तो थोडासा राहूंही द्यावा. शिधाच नसेल तर पहारेकरी राहील कशाला?

आणखी एक. ढालकिड्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी असते. तिलाच शत्रु समजून पुष्कळजण मारतात, आणि मावा खाण्यांत ती आईबापांपेक्षां कमी नसते. उलट वांग्याच्या पानांची जाळी करणारा, मळकट तांबूस, अंगावर बारीक लव असलेला जो अठ्ठावीस ठिपक्यांचा किडा दिसतो, तो याच कुळांतला असून निव्वळ पानें खाऊन राहतो. त्याच्यावर मात्र दया करूं नये.