शांतता की निद्रा? मनोरुग्णालयीन क्षोभशामक औषधांचा इतिहास

फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्षुब्ध मनोरुग्णांसाठी एक खुर्ची तयार करविली. रुग्णाचे हातपाय व छाती तिला जखडली जात आणि मस्तक लाकडी पेटीत अडकविले जाई. या साधनाला रश यांनी ‘ट्रँक्विलायझर’, म्हणजे शांत करणारे, असे नाव दिले. १९५० नंतरच्या दशकात हेच नाव नव्या औषधांना मिळाले. साधन पालटले, नाव तेच राहिले. आणि शांतता कोणाची, रुग्णाच्या मनाची की भोवतालच्या कक्षाची, हा प्रश्नही तसाच राहिला.

तत्पूर्वीची औषधे मुख्यतः निद्राकारक होती. क्लोरल हायड्रेटचा हा गुण ऑस्कर लीब्राइख यांनी १८६९ मध्ये दाखवून दिला. पुढे पॅराल्डिहाइड आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे आली. यांनी रुग्ण निजे, परंतु जागा होताच क्षोभ पुन्हा उसळे. मात्रा वाढविली तर श्वसन मंदावण्याचे भय असे.

१९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले व पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा उपयोग केला, तेव्हा निराळाच अनुभव आला. रुग्ण जागा असे, बोलत असे, तरीही त्याचा आवेग ओसरलेला असे. त्याच सुमारास सर्पगंधेपासून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल सिद्ध झाले. सुईवाटे देता येणारे हे औषध तातडीच्या प्रसंगी सर्वत्र रूढ झाले; परंतु त्याने मान, जबडा व डोळे यांच्या स्नायूंना वेदनादायक पीळ पडू शके.

सवयीने चाललेल्या या औषधयोजनेची कसोशीने परीक्षा मात्र फार उशिरा झाली. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २०० क्षुब्ध रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोराझेपामची तुलना हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझिन यांच्या मिश्रणाशी करण्यात आली. चार तासांनंतर दोन्ही गटांत ९६ टक्के रुग्ण ‘शांत अथवा निद्रिस्त’ होते. परंतु त्यांतील ‘अथवा’ फोडून पाहिला की चित्र बदलते: मिश्रण दिलेल्यांपैकी ७६ टक्के निद्रिस्त होते, लोराझेपाम दिलेल्यांपैकी ४५ टक्के. मिश्रणाचा गुण लवकर येई, हेही खरे. जेथे इजा टाळणे निकडीचे, तेथे ही त्वरा मोलाची; जेथे रुग्णाशी बोलून निदान करावयाचे, तेथे त्याची जागृती मोलाची.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णास एकांतात कोंडणे निषिद्ध ठरविले. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्गच नसेल तर शारीरिक बंधन घालता येते. शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून ते घालता येत नाही. सुईलाही हीच कसोटी लावणे न्याय्य होय. मनुष्यबळाची उणीव भरून काढण्यासाठी दिलेली मात्रा, तिचे नाव काहीही असो, रश यांच्या खुर्चीचेच काम करते.