पहिले नाताळपत्र आणि त्याच्या कडा

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून पहिले छापील नाताळपत्र तयार करवून घेतले. त्याच्या मध्यभागी मेजवानीला बसलेले सुखवस्तू कुटुंब होते. लहान मुलाच्या ओठांनाही मद्याचा पेला लावलेला असल्याने मद्यपानविरोधकांनी टीका केली. दोन्ही कडांना मात्र भुकेल्यांना अन्न व उघड्यांना वस्त्र देण्याची दृश्ये होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील ही दयाकृत्येच होत. परंतु पत्राची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, आणि टपालखर्च एक पेनी! गरीब चित्रात होता. पत्र पाठवणाऱ्यांत तो कुठून असणार?

आज मोबाइलवरून शुभेच्छा जवळजवळ विनाखर्च जातात. तरीही आमच्या मजकुरात कोणाला जागा आहे, हा प्रश्न उरतोच. हिंदू वा मुस्लिम शेजाऱ्यांना लिहिताना बाळ येशूचे नाव गाळावे, असे आम्हांस वाटत नाही. त्यासोबत घरी येण्याचे आमंत्रण मात्र असावे. ‘सहकुटुंब आनंदात राहा’ असे सरसकट लिहिण्यापूर्वी नुकतीच विधवा झालेली भगिनी आणि एकटे राहणारे वृद्ध आठवावेत. कडेची माणसे मध्यभागी आली, तरच गव्हाणीचा निरोप पोहोचला असे आम्ही समजू.