हेडफोनमधील खर्जाची विकृती आणि ड्रायव्हरची खरखर

महागड्या हेडफोनमध्ये साधारण २० ते २०० हर्ट्झ या पट्ट्यातले सूर वाजताना आवाज फाटणे, भरडा होणे किंवा सुराबरोबर फरफर, झणझण ऐकू येणे, असे या दोषाचे स्वरूप असते. तक्रार सांगताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. विकृतीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर मिसळतात आणि आवाज गढूळ होतो. खरखर मात्र यांत्रिक असते : हलणाऱ्या पडद्याला काहीतरी लागते, घासते, किंवा त्याच्या हादऱ्याने एखादा सुटा भाग थडथडतो. पहिली बहुधा मर्यादा ओलांडल्याने येते, दुसरी बिघाडाने. या दोहोंना वेगळे करणे आणि दोष हेडफोनमध्ये आहे की त्याच्या आधीच्या साखळीत, हे ठरवणे म्हणजे निदान. तक्रार ड्रायव्हरची, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाची, असली तरी कारण पुष्कळदा बाहेरच सापडते. म्हणून तपास बाहेरून आत करायचा असतो. कप उघडणे ही त्यातली शेवटची पायरी.

बहुसंख्य हेडफोन हलत्या कॉइलचे असतात. पडद्याला चिकटवलेली तारेची बारीक गुंडाळी चुंबकाच्या वर्तुळाकार फटीत पुढेमागे होते. गुंडाळीच्या दोन्ही अंगांना मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच जागा असते. कॉइल किंचित तिरकी झाली तरी ती कडेला घासू लागते. या रचनेचा पहिला हेडफोन, डीटी ४८, जर्मनीतील बायर कंपनीने १९३७ मध्ये आणला. १९६८ मध्ये सेनहायझरच्या एचडी ४१४ ने मागून उघड्या कपाची पद्धत रूढ केली. उघड्या रचनेत आवाज मोकळा होतो, पण धूळ आणि केस यांनाही वाट मिळते. प्लेनर प्रकारात (यामाहाचा एचपी १ हा १९७६ चा त्यातला गाजलेला नमुना) कॉइलऐवजी अतिशय पातळ पडद्यावरच वाहक पट्ट्या छापलेल्या असतात आणि पडदा चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेला असतो. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकारात पडद्यावर उच्च दाबाचा विद्युतभार असतो.

पडदा किती धावतो यावर खर्जातली विकृती ठरते. गादी कानाभोवती नीट बसली असेल तर पडदा आणि कान यांच्यामधली हवा कोंडलेली राहते आणि पडद्याच्या थोड्या हालचालीतही पुरेसा दाब मिळतो. चष्म्याची काडी, केसांची बट, पिचलेली गादी यांतून हवा निसटली की खर्ज गळतो. ऐकणारा मग ईक्वलायझरने खर्ज वाढवतो, पडदा आणखी धावतो आणि कॉइल फटीच्या अशा भागात जाते जिथे चुंबकाचे बळ सारखे राहत नाही. तिथून विकृती सुरू होते. अशा वेळी दोष ड्रायव्हरचा नसून जुन्या गादीचा असतो; गादी बदलली की तक्रार संपते.

तपास करणाऱ्याची सर्वात मोठी फसगत मानवी कानामुळे होते. १००० हर्ट्झचा सूर २ ते ३ डेसिबलला ऐकू येऊ लागतो. २० हर्ट्झच्या सुराला त्यासाठी सुमारे ७८ डेसिबल लागतात आणि ६० हर्ट्झला ३९ च्या आसपास. आता २० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर वाजवला आणि त्यात ३ टक्के तिसरा उपस्वर मिसळला, तर तो उपस्वर ६० हर्ट्झवर जवळजवळ ५० डेसिबलचा भरतो. मूळ सूर जेमतेम जाणवण्याच्या उंबरठ्यावर आणि उपस्वर त्याच्या उंबरठ्याच्या दहा-अकरा डेसिबल वर, अशी स्थिती होते. ऐकणाऱ्याला जे ‘२० हर्ट्झ’ म्हणून ऐकू येते ते बऱ्याच अंशी ६० हर्ट्झ असते. काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत गेले की धडधाकट ड्रायव्हरही मर्यादेपलीकडे ढकलला जातो आणि तो फडफडला की बिघाड समजला जातो. २० हर्ट्झवरून ड्रायव्हरला दोषी ठरवू नये. निर्णय ३० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात, रोज ऐकण्याच्या आवाजावर घ्यावा.

साखळीची तपासणी ध्वनिमुद्रणापासून सुरू होते. अलीकडची पुष्कळ गाणी मास्टरिंगमध्येच इतकी दाबलेली असतात की ढोलाच्या ठोक्यावर लाटेचे शेंडे कापलेले असतात. असे गाणे कोणत्याही हेडफोनवर फाटलेलेच वाजते. त्यानंतर ईक्वलायझर. ६ डेसिबलची वाढ म्हणजे लाटेची उंची दुप्पट. डिजिटल संकेत आधीच कमाल पातळीला पोहोचलेला असेल तर त्याला वर जागा नसते आणि लाट सपाट कापली जाते. खर्ज ६ डेसिबल वाढवायचा तर ईक्वलायझरमधला प्रीअँप तेवढाच खाली आणावा लागतो. ही एक सेटिंग दुरुस्त केल्यावर नाहीशा झालेल्या ‘बिघडलेल्या ड्रायव्हर’च्या तक्रारी पुष्कळ असतात. मोबाइलला जोडायचे छोटे डोंगल अनेकदा १ व्होल्टच्या आसपासच देतात. ३०० ओहमच्या हेडफोनला त्यातून जेमतेम ३.३ मिलिवॅट पोहोचते. आवाज टोकाला नेल्यावर अँप्लिफायर फाटतो आणि दोष हेडफोनच्या माथी येतो.

विजेचा आवाजही खरखरीसारखाच भासतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत टेबलावरचा अँप्लिफायर पुष्कळदा इन्व्हर्टरवर चालतो. चौकोनी लाट देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरची वीज ५० हर्ट्झच्या पटींनी भरलेली असते आणि ती कमकुवत पॉवर सप्लायमधून झिरपली की हेडफोनमध्ये सतत घरघर येते. ओळखण्याची खूण सोपी आहे : गाणे थांबवूनही आवाज येत राहिला तर तो ड्रायव्हरचा नव्हे. पडदा हलल्याशिवाय खरखर होत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकले आणि घरघर गेली, तर प्रश्न तिथेच सुटतो. केबल हलवल्यावर येणारी करकर वेगळी. ती सैल जॅकची किंवा तुटत आलेल्या तारेची असते आणि सुराच्या उंचीशी तिचा संबंध नसतो.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भारतीय वाद्यांत झणकार हा दोष नसून वाद्य लावण्याचाच भाग असतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. घोडीवर जवारी नीट लागलेली असली की त्या एका तारेतून उपस्वरांची दाट मालिका उठते. खाली खर्ज आणि वर सतत झण्ण, कागदावर हे चित्र घासणाऱ्या कॉइलच्या आवाजासारखेच दिसते. तंबोरा अगदी जवळ मायक्रोफोन ठेवून एकाच बाजूला मुद्रित केलेला असेल तर त्याच बाजूने झणकार येतो आणि संशय पक्का होतो. संबळाच्या कातड्याला घासून निघणारा घुमका, कणीक लावलेल्या पखवाजाच्या डाव्या तोंडाचा भरीव नाद, डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घसीट, यांचेही तसेच. अशा मुद्रणांवरून निदान करू नये. पण निदान झाल्यावर पडताळणीसाठी एकट्या डग्ग्याचे वादन फार उपयोगी पडते, कारण त्यात सूर एका उंचीवरून दुसरीवर सलग सरकतो आणि खरखर नेमकी कुठे उठते ते उघडे पडते.

साखळी निर्दोष ठरल्यावर डावे-उजवे अदलाबदल ही निर्णायक चाचणी. केबल दोन्ही कपांतून निघत असेल तर टोके बदलून लावावीत. खरखर दुसऱ्या कपात गेली तर दोष केबलमध्ये किंवा त्याआधी आहे. त्याच कपात राहिली तर कपात आहे. केबल निघत नसेल तर हेडफोन उलटा घालून कोणत्या कानाला ऐकू येते ते पाहावे. एकाच कानाची तक्रार राहिली तर कान तपासून घेणे योग्य, कारण कानात साचलेला मळही कानाच्या पडद्याजवळ फडफडल्याचा भास देतो. दोन्ही बाजूंना सारखीच विकृती असेल तर दोन ड्रायव्हर एकाच वेळी बिघडण्याची शक्यता कमी असते आणि पुन्हा मागे वळून साखळी पाहावी लागते.

मग साधा, उपस्वरविरहित सूर २०० हर्ट्झपासून खाली सावकाश सरकवत न्यावा. आवाज आधी कमी ठेवावा. मोठा आवाज काही सेकंदांपुरताच. खरखर कशी वागते यावरून कारण ओळखता येते. ती ४५ ते ५५ हर्ट्झसारख्या अरुंद पट्ट्यातच उठत असेल तर सैल जाळी, सुटलेला स्क्रू किंवा कपाला टेकलेली आतली तार यांपैकी एखादा भाग त्या कंपनाला साथ देतो आहे; जाळीवर बोट हलकेच दाबल्यावर आवाज थांबला तर जागाही सापडते. सूर जितका खाली आणि आवाज जितका मोठा, तितकी खरखर वाढत गेली तर कॉइल घासते आहे. कधी येते, कधी नाही, हेडफोन पालथा केला की बदलते, असे असेल तर पडद्यावर काहीतरी पडलेले आहे. एका ठरावीक पातळीपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम फाटणारा आवाज अँप्लिफायरकडे बोट दाखवतो.

पडद्यावर पडणाऱ्या वस्तूंत पहिला मान केसाचा. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण एक टोक जाळीच्या कापडात अडकून दुसरे पडद्याला टेकले की प्रत्येक ठोक्याला टर्रर असा आवाज येतो, आणि तो थेट फाटलेल्या पडद्यासारखा वाटतो. गादी काढून बॅटरीचा प्रकाश तिरका टाकला की काळा केस चमकतो. पांढरा मात्र सहज निसटतो. काही भागांत, उदाहरणार्थ जालना जिल्ह्यात, यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि ते केसासारखेच वागतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळ्या तयार करणारे कारखाने आहेत. अशा ठिकाणच्या धुळीत लोखंडाचे बारीक कण असतात आणि हेडफोनचे चुंबक ते ओढून घेते. कण पडद्याच्या मागच्या छिद्रांतून फटीपर्यंत पोहोचला तर कॉइलचे आवरण खरवडतो. केस काढता येतो, फटीतला लोहकण सहसा काढता येत नाही. म्हणून कारखान्यात वा वर्कशॉपमध्ये उघड्या कपाचा हेडफोन नेऊच नये आणि घरी तो झाकून ठेवावा.

केस काढताना लोखंडी चिमटा वापरू नये. चुंबक त्याला झटक्यात ओढते आणि टोक पडद्यातून आरपार जाते. प्लॅस्टिकचा किंवा पितळी चिमटा चालतो. हेडफोन पालथा धरून ३० हर्ट्झचा मंद सूर वाजवला तर सुटा केस बहुधा आपोआप खाली सरकतो. दाबाच्या हवेचा डबा आणि व्हॅक्यूम क्लीनर या दोन्हींनी पडदा पिचतो. घुमटाच्या मधोमध पडलेली लहानशी पिचकी दिसायला वाईट असली तरी पुष्कळदा ऐकू येत नाही. कडेची सुरकुती मात्र ऐकू येते.

प्लेनर हेडफोनमध्ये ताण सैल झालेला पडदा मोठ्या ठोक्याला चुंबकाला थडकतो, किंवा त्यावरची वाहक पट्टी सुटून फरफरते. दोन्ही घरी दुरुस्त होत नाहीत. कानाजवळ कप दाबल्यावर पडदा कागदासारखा चुरचुरला आणि लगेच थांबला तर तो हवेच्या दाबाचा परिणाम आहे. कानात घालायच्या इअरफोनमध्ये हे नेहमी होते आणि त्याला बिघाड मानत नाहीत. स्टॅक्सच्या प्रो मालिकेसारख्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये पडद्यावर ५८० व्होल्टचा कायम दाब (बायस) असतो. तो उघडून तपासण्याचे काम निर्मात्याकडेच सोपवावे.

साधा मल्टिमीटर हाती असल्यास दोन्ही कपांचा रोध मोजावा. दोन्ही आकडे एकमेकांजवळ हवेत; एकात मोठा फरक किंवा चढउतार दिसला तर कॉइल वा जोड खराब आहे. यापुढची पायरी मापक मायक्रोफोनची. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंचा विकृतीचा आलेख काढून देते. आलेखातली एकूण टक्केवारी फसवी असते. दुसऱ्या-तिसऱ्या उपस्वराची १ टक्का विकृती मूळ सुराखाली झाकली जाते, तर दहाव्या उपस्वरापलीकडची ०.१ टक्का विकृतीही खरखर म्हणून स्पष्ट ऐकू येते. म्हणून वरच्या उपस्वरांत दोन बाजू वेगळ्या दिसतात का, तेवढेच पाहावे. मायक्रोफोनसमोर हेडफोन ठेवण्याची जागा किंचित हलली तरी खर्जाचा आलेख बदलतो. प्रत्येक मापन काही वेळा नव्याने बसवून घ्यावे.

हमी शिल्लक असेल तर कप उघडू नये. कुरिअरने हेडफोन पाठवण्याआधी खरखर मोबाइलवर मुद्रित करून ठेवावी, सोबत कोणत्या हर्ट्झला व कोणत्या बाजूला ती उठते ते लिहून द्यावे. ‘आवाज खराब येतो’ एवढ्या तक्रारीवर पाठवलेला माल ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत येण्याची भीती असते. विक्रेत्याने हमी नाकारली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असो. ड्रायव्हर बदलावा लागला तर शक्यतो दोन्ही एकाच वेळी जुळवून घेतलेले मागावेत, आणि हेडफोन परत आल्यावर २०० हर्ट्झपासून खालची तीच चाचणी, त्याच आवाजावर, पहिल्याच दिवशी करावी.