पाळण्यातले पुरळ

कृष्णेच्या खोऱ्यातील पलूस, भिलवडी, कुंडल या गावांचा इतिहास सांगू लागले की बोलणे साहजिकच औंध संस्थानाकडे, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीकडे किंवा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकाराकडे वळते. परंतु याच गावांतील बाळंतिणीच्या खोल्यांत आणखी एक इतिहास घडत होता, ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, आणि तो म्हणजे तान्ह्या मुलाच्या जांघेत किंवा ढुंगणावर उठलेले पुरळ पाहून, हे कापडाने आले की अंगातून आले, याचा निवाडा करणाऱ्या आज्यांच्या आणि सुइणींच्या नजरेचा.

या निवाड्याची सुरुवात बाळोत्यांपासून होई. बाळोती नव्या कापडाची नसत. आजीचे विरलेले लुगडे किंवा आजोबांचे धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर फाडून ती केली जात, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते हे ज्ञान त्या घरांत परंपरेने होते. विहिरीवर किंवा नदीवर आपटून, रिठ्याच्या पाण्यातून काढून, रखरखीत उन्हात वाळवलेले बाळोते निर्दोष असे. पण आषाढ-श्रावणाची झड लागली म्हणजे तीच बाळोती शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपल्यावर, ओवा-वावडिंगाच्या धुरीत, अर्धीमुर्धी सुकवून मुलाला गुंडाळावी लागत, आणि मग दोन-चार दिवसांत मांड्यांचे उंचवटे आणि ढुंगण लालबुंद होत. यावर खोबरेल तेलाचा हात, शंखजिऱ्याची पूड आणि मुलाला दिवसातून काही वेळ उघडे ठेवणे हा ठरलेला उपचार असे. त्यांपैकी उघडे ठेवणे हा आजही सर्वांत उत्तम उपाय आहे. शंखजिऱ्याची पूड मात्र श्वासावाटे छातीत जाऊन अपाय करते, म्हणून ती सोडून देणेच योग्य.

अंगातून आलेले पुरळ ही गोष्टच वेगळी. ताप, किरकिर, दूध न पिणे, आणि बाळोत्याची शीव ओलांडून पोटावर, पाठीवर, हातापायांवर पसरत जाणारे फोड दिसले की घरातील कारभार एका क्षणात बदले: दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, परक्याला उंबरा ओलांडता येत नसे, आणि मूल बरे झाल्यावर देवीला दहीभाताचा नैवेद्य जाई. या आचाराला केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकणे मला अन्यायाचे वाटते. संसर्गाचा शब्दही ज्यांच्या कानी आला नव्हता त्या लोकांनी धर्माच्या भाषेत विलगीकरणाचा कडक बंदोबस्त केला होता, आणि लिंबाच्या डहाळ्याने गावाला वर्दी पोहोचत होती. पण खरी हानीही याच श्रद्धेने केली, कारण देवीचा कोप होईल या भयाने वैद्याला बोलावणे टळे आणि मुले दगावत.

ज्या देवीच्या रोगाला लोक एवढे भीत, त्याच्या लसीचा इतिहास जुन्या मुंबई इलाख्यात फार मागे जातो. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, आणि ती हिंदुस्थानातील पहिली मानली जाते. पुढे ही टोचणी खेडोपाडी गेली. लोक ज्याला देवी-डॉक्टर म्हणत, तो सरकारी मनुष्य गावात आला म्हणजे मुले गोळा करण्याची तजवीज गावकामगारांवर येई, आणि आठवड्याने दंडावरचा फोड तपासला जाई. या टोचणीचाही एक धोका होता, आणि तो थेट आपल्या विषयाशी निगडित आहे: दंडावरचा फोड खाजवून तोच हात मुलाने किंवा आईने बाळोत्याखालच्या सोललेल्या कातडीला लावला, तर तेथेही लशीच्या विषाणूचे फोड उठत. म्हणूनच अंगावर इसब वा पुरळ असलेल्या मुलाची टोचणी पुढे ढकलावी असा दंडक वैद्यकात पडला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर केले, आणि ज्या भयाने पलूसच्या दारांवर डहाळे लागत होते त्याचे मूळच उखडले गेले.

दरम्यान या भागाला दोन आधार लाभले होते. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इस्पितळ उघडले होते, आणि आगगाडीने तेथवर जाणे पलूसकरांना शक्य होते. दुसरा आधार छापील अक्षराचा, कारण 1930 साली याच किर्लोस्करवाडीतून ‘स्त्री’ मासिक निघू लागले आणि स्वयंपाकघरापर्यंत आरोग्याची चर्चा पोहोचू लागली.

आता पाळण्यात जे विषाणुजन्य पुरळ अधिक दिसते ते हात-पाय-तोंडाच्या आजाराचे. याला कारण होणाऱ्या विषाणूंच्या गटाला अमेरिकेतील कॉक्सॅकी गावाचे नाव मिळाले आहे, कारण तेथील रुग्णांत तो 1948च्या सुमारास प्रथम सापडला. याचे फोड तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात येतात. परंतु त्यातील ए-6 हा प्रकार ढुंगणावर, जांघेत आणि तोंडाभोवती विशेष उठतो, आणि घरचे त्याला डायपरचे पुरळ समजून चालतात. जुन्या आजीच्या कसोट्या येथे अजूनही उपयोगी पडतात. कापडाचे पुरळ उंचवट्यांवर असते आणि घड्या मोकळ्या राहतात. बुरशीचे घड्यांत शिरते व कडेला सुटे लाल ठिपके टाकते. विषाणूचे मात्र बाळोत्याची शीव मानत नाही, आणि बहुधा त्याच्या मागे-पुढे ताप असतो. कांजिण्यांत लाल ठिपका, पाण्याने भरलेला फोड आणि खपली ही तिन्ही एकाच वेळी अंगावर दिसतात. गोवर कानामागून व चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतो.

हात-पाय-तोंडाच्या आजारावर औषधापेक्षा शुश्रूषा मोलाची. हा आजार आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो, आणि विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. साबण न लावता कोमट पाण्याने अंग धुऊन, चोळण्याऐवजी मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. मुलाला काही वेळ उघडे ठेवावे. वाळल्यावर जस्ताच्या मलमाचा जाडसर लेप द्यावा. तापाला पॅरासिटॅमॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच द्यावे, ॲस्पिरिन कधीही देऊ नये, आणि दुकानातून सहज मिळणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे तर मुळीच लावू नयेत. कडुलिंबाचा कढ उघड्या फोडावर झोंबतो, तेव्हा डहाळा दारावरच राहू द्यावा. विषाणू मलातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून मूल बरे दिसू लागल्यावरही बाळोते बदलल्यानंतर साबणाने हात धुणे चुकवू नये.

ऊसतोडीच्या हंगामात जी कुटुंबे पलूस तालुक्याच्या शिवारात कोप्या घालून राहतात, त्यांच्या तान्ह्या मुलांना पाणी, सावली आणि सुके कापड यांतले काहीच पुरेसे मिळत नाही, आणि हे सारे लिहिताना मनात प्रथम तीच येतात. गावातील वाचकांनी त्यांच्यापर्यंत एवढे तरी पोहोचवावे, की महिन्याच्या आतल्या बाळाला फोड आणि ताप एकत्र आले, किंवा कोणत्याही तान्ह्या मुलाने दूध सोडले, लघवी कमी केली, फोडांत पू झाला, तर घरच्या उपचारांवर एक दिवसही न घालवता सरकारी दवाखाना गाठावा, आणि ज्याच्या ओठावर जर, म्हणजे पाणीदार फोड, आला आहे त्याने, मग तो कितीही जवळचा असो, बाळाचा मुका घेऊ नये.